रड्या

आमच्या घरात पोरांनी रडायचं नाही असा कायदा होता. तो मोडला तर मार बसायचा, आणि त्या मारानंही रडायचं नाही. मला मुभा होती, कारण मी मुलगी. मी भोकाड पसरलं तरी बाबा नुसते म्हणायचे, "हिला आत ने." दादाच्या डोळ्यांत पाणी दिसलं की मात्र त्यांचा हात उठायचा, आणि बाबांचा हात उठला की तो कुठेतरी पडल्याशिवाय खाली येत नसे.

दादाला कबड्डी त्यांनीच शिकवली. पनवेलच्या खाडीकडचं आमचं गाव, देवळामागचं मैदान, खाली खडी आणि चिंबोरीच्या, म्हणजे खेकड्याच्या, नांग्या. आता तिथे एका बिल्डिंगचं पार्किंग आहे. एकदा पकडीतून सुटताना दादाचा गुडघा असा सोलवटला की आतलं पांढरं दिसायला लागलं. त्याचा ओठ थरथरला, एवढंच. बाबा तेव्हा मिठागरावर कामाला होते, त्यांच्या लुंगीच्या ओच्यात मिठाचे खडे असायचेच. त्यांनी मूठभर मीठ काढलं आणि गुडघ्यावर दाबून धरलं. "आता रड," म्हणाले. जखमेवर मीठ चोळणं याचा अर्थ मला शाळेत विचारावा लागला नाही. दादा रडला नाही. तो पांढराफटक पडला आणि तिथेच ओकला, आणि बाबांनी खुशीत त्याच्या पाठीवर थाप मारली.

त्यांच्या या चिडीमागे एक शब्द होता असं मला मोठी झाल्यावर वाटायला लागलं. आपल्याकडे खेळात खोटं खेळणाऱ्याला रड्या म्हणतात. रडी खातो म्हणतात, रडीचा डाव म्हणतात. आऊट झाला तरी नाही म्हणतो, बोट लागलं तरी लागलं नाही म्हणतो, तो रड्या. आता यात रडण्याचा संबंध काय? पण भाषेनं कधीकाळी ठरवून टाकलं की जो रडतो आणि जो फसवतो तो एकच माणूस, आणि आमच्या बाबांसारख्यांनी ते जिवाला लावून घेतलं. बाबांना चोर म्हटलं असतं तर ते भांडले असते. रड्या म्हटल्यावर ते काय करतात, हे दोन गावांनी डोळ्यांनी बघितलं.

आईचं गाव चिरनेरच्या वाटेवर. तिथल्या जत्रेत कबड्डीचे सामने असायचे, आणि त्या वर्षी शेवटचा सामना आमचं गाव आणि आईचं गाव यांच्यात आला. इकडून बाबा, तिकडून मामा, आईचा पाठचा भाऊ. बायका एका कडेला बसल्या होत्या. आई मधोमध बसली होती, कुठल्याही बाजूनं टाळी वाजली की हसायची. तिच्या चपला माझ्या हातात होत्या, कारण देवळातून आल्यावर तिनं त्या घातल्याच नव्हत्या.

शेवटची चढाई बाबांची. एका दमात कबड्डी कबड्डी म्हणत ते घुसले, एकाला शिवले आणि वळता वळता मामानं त्यांचा घोटा धरला. मग बाकीचे अंगावर पडले. त्या ढिगाऱ्याखालून बाबा सरपटत निघाले, सगळ्यांना ओढत, कोपरं फोडून घेत, आणि त्यांचं बोट मधल्या रेषेला लागलं. दम शाबूत असला तर आमचं गाव जिंकलं. दम रेषेच्या आधी तुटला असला तर बाबा बाद आणि आईचं गाव जिंकलं. पंचानं शिट्टी फुंकली आणि हात आमच्या बाजूला केला.

मामा उठला. तोंडात माती होती, ती थुंकून तो ओरडला, "दम तुटला! मी वर व्हतो, मना आयकू आलं. पंच झोपला व्हता काय? रड्या हाय, रड्या!"

त्याच्या गावानं शब्द उचलला. म्हातारे, पोरं, बायकासुद्धा. रड्या, रड्या, रड्या. टाळ्यांच्या ठेक्यावर.

बाबा उभे राहिले. मैदानाला आखलेली दोरी बांबूंना बांधली होती, त्यातला एक बांबू त्यांनी जमिनीतून उपटला. मामा हसत होता. बांबू त्याच्या खांद्यावर बसला तेव्हा जो आवाज झाला तो मी नंतर एकदाच ऐकला, फर्निचरवाल्याच्या दुकानात, प्लायवूड तोडताना. मामाचा हात विचित्र लोंबायला लागला. मग दोन्ही गावं एकमेकांवर पडली. खुर्च्या उडाल्या, भजीवाल्याची तेलाची कढई उपडी झाली आणि कोणीतरी पाय भाजून किंचाळत राहिलं, पंचाला कोणी का मारत होतं ते पंचालाही कळलं नसेल. आई अनवाणी धावली. तिनं मामावर अंग टाकलं. बाबांचा पुढचा फटका हवेत होता, तो त्यांना थांबवता आला असता. थांबवला नाही. तो तिच्या हातावर बसला, बांगड्या फुटल्या आणि काचा मनगटात घुसल्या. मी तिच्या चपला छातीशी धरून उभी होते.

त्या दिवशी दोन पुरुषांनी दोन वाक्यं उच्चारली आणि माझ्या आईचं आयुष्य त्यात बसवून टाकलं. मामा म्हणाला, "त्या रड्याच्या घरचं कुत्रं पण माझ्या उंबऱ्यात नको." बाबा म्हणाले, "आजपासून तुला माहेर नाय." दम खरंच तुटला होता का, ते मला आजही ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही, कारण माझा कान गमवायची माझी तयारी नव्हती.

कान गेला तो दादाचा. काही वर्षांनी आजी, म्हणजे आईची आई, वारली. निरोप घेऊन मामाकडचा एक माणूस सकाळी सायकलनं आला आणि अंगणात न शिरता रस्त्यावरूनच सांगून गेला. आईनं चूल विझवली, नेसतं लुगडं बदललं आणि ती दाराशी आली. दारात बाबा उभे.

"कुठं?"

"माझी आय मेली."

"मेली तर मेली. तिथं जायाचं नाय."

दादा तेव्हा नुकताच कामाला लागला होता, न्हावा शेवाला, कंटेनरच्या यार्डात. अंगानं बाबांपेक्षा मोठा झाला होता. तो म्हणाला, "बाबा, जाऊ द्या तिला." बाबांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. उघड्या पंजानं कानशिलात मारली, एकदा, आणि दादा भिंतीवर जाऊन आपटला. त्या कानानं त्याला अजून नीट ऐकू येत नाही, फोन तो दुसऱ्या कानाला लावतो. मी हाताशी होता तो पाण्यानं भरलेला तांब्या उचलून बाबांच्या डोक्यावर नेम धरून फेकला. नेम चुकला, चौकटीचा टवका उडाला. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते हसले. "ही खरी माझी पोर," म्हणाले. आयुष्यात त्यांनी माझं केलेलं ते सगळ्यात मोठं कौतुक, आणि मला त्याची आजही शिसारी येते.

आई रडली नाही. मी वाट बघत होते की आता ही कोसळेल. ती बाबांच्या समोर गेली, अगदी जवळ, आणि सावकाश म्हणाली, "एक दिस तुमी रडाल. मनापासून रडाल. आन मी समोर बसून बगंन." मग तिनं चूल पुन्हा पेटवली आणि तांदूळ धुतले.

या वाक्यावर ती जगली. हे मी वाढवून सांगत नाही. तिनं घर सोडलं नाही, अबोला धरला नाही, देवाला नवस केला नाही. ती फक्त बघत राहायची. बाबांचा भाऊ गेला, ती त्यांच्या तोंडाकडे बघत होती. कोरडं. जमिनी गेल्या, मिठागर गेलं, जिथे त्यांचं अख्खं तारुण्य वाळलं तिथे मातीचा भराव पडला, ती बघत होती. कोरडं. माझ्या लग्नात पाठवणीला आमच्याकडचे झाडून सगळे पुरुष रडले, बँडवालासुद्धा नाक पुसत होता. मामाच्या जागी लांबचा कोणीतरी उभा केला होता, तोही रडला. बाबा मंडपवाल्याची गचांडी धरून भांडत होते, का तर त्यानं कनात आधीच सोडायला घेतली. मी गाडीत बसताना मागे वळले तेव्हा आई माझ्याकडे बघत नव्हती. ती बाबांकडे बघत होती. मला राग आला होता तेव्हा. आता येत नाही.

गेल्या वर्षी बाबांना झटका आला, तोही भांडताना. आमच्या गावाचं आता गाव राहिलेलं नाही, चारी बाजूंनी टॉवर आणि मधे आमची घरं. पोर्टाकडे जाणारे ट्रेलर हायवे तुंबला की आमच्या गल्लीत घुसतात. त्या दिवशी एकानं आमच्या ओट्याचा कोपरा उडवला. बाबांनी वर चढून ड्रायव्हरला कॉलर धरून केबिनमधून खाली ओढलं, एक ठेवून दिली, दुसरी द्यायला हात उगारला आणि तो हात वरच्यावर लुळा पडला. मग पाय, मग ते स्वतः. ज्या ड्रायव्हरनं मार खाल्ला त्यानंच त्यांना उचलून रिक्षात घातलं.

उजवी बाजू गेली. जीभ जड झाली, पण बोलणं समजायचं. हॉस्पिटलमध्ये शुद्धीवर आल्यावर दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशीनं त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला आणि बाबांनी हंबरडा फोडला. तोंड वाकडं, उघडं, लाळ गळतेय, डोळ्यांतून धारा. आई स्टुलावर बसली होती, ताडकन उभी राहिली. तिचा हात हवेतच राहिला. मला वाटलं, आला तो दिवस. मावशीनं कप उचलला आणि बाबा गप्प झाले, नळ बंद केल्यासारखे. कप ठेवला, पुन्हा सुरू.

डॉक्टर मुलगी तरुण होती, पुण्याकडची असावी. तिनं आईला समजावलं. "आजी, हे रडणं खरं नाही. मेंदूत जिथे इजा झाली ना, तिथला ब्रेक फेल झालाय. त्यांना दुःख होतंय असं नाही. काहीही बघितलं तरी रडू येणार."

"म्हंजे खोटं रडतात?"

"खोटं असं नाही म्हणता येणार…"

"रडीच म्हना की मग," आई म्हणाली.

घरी आणल्यावर तर ऊतच आला. बाबा टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांना रडायचे. केळीवाल्याच्या आरोळीला रडायचे. शेजारच्यानं स्कूटर सुरू केली की रडायचे, बंद केली की रडायचे. गल्लीतल्या पोरांना खेळच मिळाला, खिडकीतून डोकावून "काका, टाटा" म्हणायचं आणि पळायचं. बाबा रडायचे. त्यांना काय म्हणून हाक मारायची हेही पोरांनी लवकरच शोधून काढलं, आणि त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. मी एकाला पकडून त्याचा कान पिरगाळला, मग त्याची आई माझ्याशी भांडायला आली, ते वेगळं.

नातेवाईक भेटायला येत आणि बाबांचे डोळे बघून विरघळत. "कवढं मन पाझरलं बगा," म्हणत. "आता सगला राग गेला. देवानं धुतला." आई त्यांना चहा द्यायची आणि ते गेले की कप आपटत घासायची. तिचा संताप मला दिसत होता. इतकी वर्षं तिनं ज्याची वाट बघितली ते घरात रोज पाटानं वाहत होतं, आणि त्यातला एक थेंब तिचा नव्हता.

एका दुपारी तिनं प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि ती पलंगासमोर बसली. मी दारात होते.

"माझी आय मेली," ती म्हणाली, "तवा तुमी मना जाऊ दिलं नाय. मी तिचं तोंड बगितलं नाय."

बाबांचं तोंड वाकडं झालं आणि ते ओक्साबोक्शी रडायला लागले. आई पुढे झुकली. तिनं श्वास धरला होता. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला बघवेना. ते थांबल्यावर ती त्याच आवाजात म्हणाली, "आज भाजीला वांगी हायत."

बाबा तेवढ्याच जोरानं रडले.

आई उठली. खुर्ची तिनं उचलून अंगणात फेकली, खुर्चीचा पाय मोडला. "वांग्याला जेवडं रडले तेवडंच माझ्या आयेला," ती म्हणाली. "मी काय करू याचं? सांग ना, काय करू?" तिनं दोन्ही हातांनी आपल्या तोंडात मारून घेतलं, आणि मी ते हात धरेपर्यंत मारत राहिली.

पुढच्या तपासणीला डॉक्टर म्हणाली की यावर एक गोळी असते, रोज दिली तर काही आठवड्यांत हे रडणं आटोक्यात येतं. आईनं विचारलं, "मग अजाबात रडनार नायत?"

"तसं नाही. उगाचचं थांबेल. मनातून आलं तर रडतील की, आपण रडतो तसे."

"मनातून आलं तर," आई म्हणाली.

त्या दिवसापासून तिनं ती गोळी एकदाही चुकवली नाही. सकाळी तोंड धुतल्यावर, जिभेवर ठेवून, गिळली की नाही ते तोंड उघडून बघून. शेजारपाजारी म्हणायला लागले, काय सेवा करते बाई, एवढा मार खाल्ला आणि तरी. मला दिसत होतं ते वेगळंच. ती मैदान कोरडं करून घेत होती.

हळूहळू रडणं ओसरलं. केळीवाला आला आणि गेला, बाबा नुसते बघत राहिले. पोरं खिडकीत आली, बाबांनी डाव्या हातानं काठी उगारली, तेव्हा मला कळलं की बाबा परत आले. आईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आता मामाला आन."

मी पनवेलला खांदा कॉलनीत राहते, स्कूटर चालवते. सरळ मामाच्या गावी गेले. मधल्या काळात आई त्याला भेटली नव्हती असं नाही, पनवेलच्या बाजारात कधी समोरासमोर आले की दोघं मासळीवालीच्या आडोशाला घाईघाईनं दोन शब्द बोलायचे, चोरासारखे. पण उंबरा कोणी ओलांडला नव्हता. मामा ओट्यावर बसला होता. डावा खांदा खाली उतरलेला, हात छातीच्या वर जात नाही. मी सांगितलं, आईनं बोलावलंय.

"त्यानं बोलावलंय का?"

"नाही."

"मंग मी नाय येत."

माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मामा, तुझा खांदा मोडला, मला मान्य. पण दोन गावांसमोर तो शब्द तू ओरडलास. तू आणि ते मैदानात भांडलात, आणि आऊट कोण झालं? माझी आई. ती खेळत होती का? एक दिवस तरी कोणी तिला विचारलं? आता उठतोस की मी तुला ओढत नेऊ?"

मामा ओट्यावरून उठला. "बापावर गेलीस गो पोरी," म्हणाला, आणि सदरा घालायला आत गेला. तो माझ्या मागे बसला, एका हातानं सीट घट्ट धरून. बाजूनं ट्रेलर गेला की डोळे मिटायचा.

दुपार होती. आईनं नवी खुर्ची आणली होती आणि ती पलंगाच्या उजव्या बाजूला, बाबांचं तोंड दिसेल अशी बसली होती. केस विंचरलेले, धुतलेलं पातळ. दादानं सुट्टी घेतली होती. तो भिंतीला टेकून उभा होता. मी मामाला आत आणलं आणि बाबांनी मान वळवली.

बाबांचे डोळे मामाच्या उतरलेल्या खांद्यावर गेले आणि तिथे थांबले. आई त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, पापणी न लवता.

"भावजी," मामा म्हणाला, "कसं हाय आता?"

बाबांची जीभ हलायला वेळ लागला. "रड्या," ते म्हणाले. "रड्या… बोल्लास… तू मना."

आणि त्यांनी डाव्या हातानं शेजारचा स्टीलचा पेला उचलून फेकला. आयुष्यभर उजव्या हातानं फेकणारा माणूस, पण नेम लागला. मामाच्या भुवईवर बसला. रक्त डोळ्यात उतरलं, गालावरून सदऱ्यावर आलं. मामा भिंत धरून खाली बसला.

मग आई उठली. तिनं बाबांना मारायला सुरुवात केली. आधी उघड्या हातानं, मग मुठीनं, दंडावर, खांद्यावर, कोपरावर, मांडीवर. ती काही बोलत नव्हती, शिवी नाही, शाप नाही, प्रत्येक फटक्याबरोबर फक्त छातीतून हुंकार निघायचा. पलंग भिंतीवर आपटत होता. मी अडवलं नाही. दादानंही नाही. आमच्या घरात एवढा मार झाला पण हा आम्ही कधी बघितला नव्हता, आणि खरं सांगायचं तर मला तो हवा होता. एकेक फटका मी मोजल्यासारखा आत घेत होते.

बाबा हलत नव्हते. ते स्वतःच्या दंडाकडे बघत होते, दुसऱ्या कोणाला मार पडतोय तसे. मग माझ्या लक्षात आलं. आई उजव्या बाजूला बसली होती. ती मेलेल्या अंगाला मारत होती. त्या बाजूला चिमटा काढला तरी बाबांना कळत नसे. इतक्या वर्षांचा मार तिनं दिला आणि तो पोचतच नव्हता.

बाबांनी डावा हात आडवा आणला आणि तिचं मनगट पकडलं. ती पकड मला ठाऊक होती. मी आणि दादा एकदमच पुढे धावलो, आता पिरगाळणार म्हणून. त्यांनी पिरगाळलं नाही. त्यांनी तिचा हात ओढला, छातीवरून पलीकडे आणला आणि आपल्या डाव्या गालाशी सोडला.

"हिकडं," ते म्हणाले. "तिकडं… समजत नाय."

आईनं त्यांच्याकडे बघितलं. मग तिनं हात मागे नेला आणि डाव्या गालावर मारली. एकच. खोलीत आवाज झाला. तिची बोटं त्यांच्या गालावर उठली, पांढरी आणि मग लाल.

बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. हात चादरीकडे गेला, ओढायचा प्रयत्न केला, चादर उजव्या अंगाखाली अडकली होती, येईना. त्यांची पाठ हलायला लागली. इतके महिने ते आल्यागेल्यासमोर, पोरांसमोर, केळीवाल्यासमोर तोंड उघडं टाकून रडले होते, आणि कधी तोंड लपवलं नव्हतं.

आम्हाला कळायच्या आत आईला कळलं. खुर्ची तिच्या मागेच होती. ती बसली नाही. तिनं अडकलेली चादर त्यांच्या अंगाखालून सोडवली, वर ओढून त्यांच्या डोक्यावरून घेतली, आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "चला. सगली बाहेर चला."

दादानं मामाला उठवलं. आई सगळ्यात शेवटी आली आणि तिनं दार ओढून घेतलं. दार लागलं आणि आत आवाज फुटला. रोगाच्या हंबरड्यासारखा तो नव्हता. चादर तोंडात कोंबून कोणी ओरडावं तसा होता, आणि तो थांबत नव्हता. आई दाराला पाठ लावून उभी राहिली. तिनं पदराचं टोक मामाच्या भुवईवर दाबलं.

मामानं एका डोळ्यानं दाराकडे बघितलं. "रडतात काय गो?"

"नाय," आई म्हणाली. "डोला लागलाय त्यांचा."

मामा आवाज ऐकत होता. आम्ही सगळेच ऐकत होतो, एका कानानं दादासुद्धा. मामानं मान हलवली.

"मंग हलू बोला," तो म्हणाला. "उठतील."

आणि आम्ही दाराबाहेर उभे राहून हळू आवाजात बोलायला लागलो.